शिनाण्यांचा मजला कोण ठरवतो?

ओहोटीच्या वेळी वाशीच्या खाडीपुलावरून जाताना पुलाच्या खांबांकडे नीट पाहिले, तर त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात. वर कोरडे, राखी रंगाचे काँक्रीट. त्याखाली पांढुरका, खडबडीत थर. आणि सर्वांत खाली काळसर, ओलसर, चिखलाने माखलेला भाग. हे पट्टे कोणी रंगवलेले नाहीत. पांढुरका थर खांबाला कायमच्या चिकटलेल्या कवचधारी प्राण्यांचा आहे. तो एका ठरावीक उंचीवर सुरू होतो आणि ठरावीक उंचीवर विरळ होतो. खांब वरपासून खालपर्यंत एकाच काँक्रीटचा, पाणीही एकाच खाडीचे. मग या प्राण्यांना आपापला मजला कोण वाटून देतो?

‘पाण्याची खोली’ असे उत्तर कोणीही पटकन देईल. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. खोली ही नुसती फूटपट्टीवरची लांबी असते. ती स्वतः कोणाला मारत नाही की जगवत नाही. खोलीबरोबर ज्या अनेक गोष्टी बदलतात, त्या प्राण्यांना जगवतात किंवा मारतात. त्या कोणत्या, हे समजून घ्यायला शिनाणे हा प्राणी फार सोयीचा आहे. तो एकदा चिकटला की सहसा जागा सोडत नाही. त्यामुळे तो जिथे दिसतो, तिथली परिस्थिती त्याने सोसलेली असते, हे नक्की.

शिनाणे म्हणजे कोण?

शिनाणे हे दोन शिंपांमध्ये राहणारे मृदुकाय प्राणी. इंग्रजीत त्यांना मसल म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरील मुख्य जातीचे शास्त्रीय नाव पेर्ना व्हिरिडिस. शिंपेची कड हिरवी असते, म्हणून याला हिरवा शिनाणा म्हणता येईल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यांवर तो ओळखीचा आहे आणि बाजारातही येतो. तिसऱ्या वाळूत किंवा चिखलात रुतून राहतात; कालवांची एक शिंप खडकाला सिमेंट लावल्यासारखी जखडलेली असते. शिनाण्याची तऱ्हा तिसरीच. तो आपल्या पायातल्या ग्रंथींतून एक द्रव सोडतो. पाण्यात त्याचे चिवट धागे बनतात आणि त्या धाग्यांनी तो स्वतःला खडकाला बांधून घेतो. स्वयंपाकघरात शिनाणे साफ करताना जी ‘दाढी’ उपटून टाकतात, ती हीच.

त्याचे खाणे म्हणजे पाणी गाळणे. कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने तो पाणी आत ओढतो, त्यातले प्लवक आणि सेंद्रिय कण अडवतो आणि उरलेले पाणी बाहेर सोडतो. पूर्ण वाढलेला शिनाणा तासाला काही लिटर पाणी गाळतो. यातून एक साधी पण महत्त्वाची गोष्ट निघते: शिंपा पाण्याखाली असतील तेव्हाच त्याला जेवता येते. पाणी ओसरले की शिंपा घट्ट मिटून उपाशी बसायचे.

खोली म्हणजे दाब नव्हे

वर्गात हा विषय काढला की मुले बहुधा दाबाचे नाव घेतात. पाठ्यपुस्तकातला तो नियम खराच आहे. दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. परंतु शिनाण्याच्या शरीरात हवेची पिशवी नसते. त्याचे शरीर म्हणजे मुख्यतः पाणीच, आणि पाणी दाबाने फारसे आकसत नाही. पाणबुड्या माणसाला त्रास होतो तो फुप्फुसे आणि कान यांतल्या हवेमुळे.

याचा पुरावा खोल समुद्रातूनच मिळाला. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर, तळाच्या भेगांतून उष्ण पाणी बाहेर पडते तेथे, शिनाण्यांच्या एका नातेवाइकाच्या दाट वसाहती सापडल्या. तेथे दाब सुमारे २५० वातावरणांइतका आणि सूर्यप्रकाश शून्य. या प्राण्यांच्या कल्ल्यांत राहणारे जीवाणू भेगांतून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवतात आणि यजमानाला पोसतात. म्हणजे अन्नाची सोय झाली तर शिनाण्यांचे कुळ अडीच किलोमीटर खोलीवरही राहू शकते. मग आपला हिरवा शिनाणा उथळ पाण्यातच, साधारणपणे ओहोटीच्या रेषेपासून १०–१५ मीटर खोलीपर्यंतच, का आढळतो? कारण दाबात नाही. ते दुसरीकडे शोधायला हवे.

तीन दगडांचे गणित

सुरुवात वरच्या टोकापासून करू या. मुंबई बंदरात अपोलो बंदर येथे भरती-ओहोटीच्या सरासरी पातळ्या अशा आहेत: उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६ मीटर, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, भरती ३.३० मीटर आणि ओहोटी १.८६ मीटर. (या उंच्या सागरी नकाशांत धरलेल्या शून्य पातळीपासून मोजतात.) उधाणात पाणी ३.६६ मीटर चढते-उतरते, तर भांगात केवळ १.४४ मीटर.

आता तीन दगडांची कल्पना करा. पहिला १.२ मीटर उंचीवर, दुसरा २.५ मीटरवर आणि तिसरा ३.८ मीटरवर. पाण्याची चढउतार सुबक लहरीसारखी होते असे धरून हिशेब केला, तर स्थूलमानाने असे दिसते. दुसरा दगड मध्यपातळीजवळ असल्याने उधाण असो वा भांग, जवळजवळ अर्धा वेळ उघडा असतो. पहिला दगड उधाणाच्या दिवशी सुमारे साडेपाच तास उघडा पडतो, पण भांगात ओहोटीही त्याच्यापर्यंत उतरत नाही. तो अहोरात्र पाण्याखाली असतो. तिसऱ्याचे नेमके उलटे. उधाणात त्याला दिवसाचे सहा-साडेसहा तास पाणी मिळते, आणि भांगात काही दिवस भरतीचे पाणी त्याला शिवतच नाही.

तिन्ही दगडांमधले एकूण अंतर अवघे २.६ मीटर, एका मजल्यापेक्षाही कमी. पण जगण्याच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या दुनिया आहेत. तिसऱ्या दगडावर शिनाणा बसला, तर भांगाच्या दिवसांत तो उन्हात शिजेल, सुकेल आणि उपाशी राहील. तेथे चिमुकल्या समुद्री गोगलगायींसारखे, शिंपेचे दार बंद करून ओल धरून ठेवणारे प्राणी टिकतात. मधल्या पट्ट्यात बार्नॅकल आणि कालवे यांचे राज्य असते. शिनाण्यांची दाट वस्ती पहिल्या दगडाच्या पातळीपासून खाली सुरू होते.

वरची हद्द हवेची, खालची शत्रूंची

वर ऊन आणि उपासमार आहे, हे पटते. मग शिनाणे खाली खाली का पसरत जात नाहीत? पाण्याखाली तर चोवीस तास जेवण आहे. हा प्रश्न प्रयोगाने सोडवला गेला, आणि ते प्रयोग शाळेतही समजावून सांगण्याइतके सरळ आहेत.

स्कॉटलंडमधल्या मिलपोर्ट येथे जोसेफ कॉनेल यांनी बार्नॅकलच्या दोन जातींचा अभ्यास केला. एक जात वर राहत होती, दुसरी खाली. त्यांनी वरच्या जातीचे प्राणी बसलेले दगड उचलून खाली ठेवले. शेजारच्या जातीला दूर ठेवले, तेव्हा ते खालीही छान जगले. शेजारी वाढू दिले, तेव्हा त्या दांडग्या शेजाऱ्यांनी त्यांना दडपले किंवा उखडून टाकले. १९६१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रयोग खुद्द शिनाण्यांच्या एका भावंडाचा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून, ८ मीटर लांब आणि २ मीटर उंचीच्या खडकाच्या पट्ट्यावरून, शिनाणे खाणारे तारामासे उचलून समुद्रात फेकण्याचा सपाटा लावला. शेजारचा तेवढाच पट्टा त्यांनी तसाच ठेवला. तारामासे नसलेल्या पट्ट्यावर शिनाणे हळूहळू खाली सरकू लागले. म्हणजे खालच्या पाण्यात त्यांना कसलीच अडचण नव्हती. अडचण होती ती खाणाऱ्यांची. तारामासा सावकाश सरपटत येतो आणि त्याला पाणी लागते. जो शिनाणा दिवसाचे काही तास उघडा पडतो, त्याच्यापर्यंत पोहोचायला त्याला वेळच पुरत नाही. ओहोटी शिनाण्याला उपाशी ठेवते आणि तीच त्याचे रक्षणही करते.

या प्रयोगाचा दुसरा निकाल अधिक विचार करायला लावणारा आहे. शिनाणे खाली पसरल्यावर त्या पट्ट्यातल्या जातींची संख्या १५ वरून ८ वर आली. शिनाण्यांनी जागा व्यापली आणि इतरांना बसायला खडकच उरला नाही. एक खाणारा प्राणी अनेकांची जागा राखून असतो, या शोधातूनच पेन यांनी १९६९ मध्ये ‘कळीची प्रजाती’ ही कल्पना मांडली. आपल्या किनाऱ्यावर हेच काम खेकडे, शिंपांना भोक पाडून आतला जीव खाणाऱ्या गोगलगायी आणि काही मासे करतात. उधाणाच्या ओहोटीला खडकावर उतरणारा माणूसही त्यांच्यातलाच एक.

दोन्ही हद्दींतून शिनाण्यांची सुटका केली तर? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. झेड. कासिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तरंगत्या तराफ्यांवरून पाण्यात दोर सोडून त्यांवर शिनाणे वाढवले. दोरावरचा शिनाणा कधी उघडा पडत नाही आणि तळावरून सरपटत येणारा खेकडाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. खडकावरच्या भावंडांपेक्षा तो झपाट्याने वाढतो. किनाऱ्यावरच्या शिनाणे-शेतीचे सारे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

तळाकडे जाताना

कायम पाण्याखालच्या भागातही खोलीबरोबर परिस्थिती बदलत राहते. पहिली गोष्ट प्रकाश. प्लवक वनस्पती प्रकाशातच वाढतात, म्हणून शिनाण्याचे ताजे अन्न वरच्या थरात जास्त. ठाणे खाडीच्या गढूळ पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटे दिसेनाशी होतात. मग दोन मीटरवर किती अंधार असेल, याचा अंदाज करा.

दुसरी गोष्ट गाळ. तळाजवळच्या पाण्यात चिखलाचे कण अधिक असतात. शिनाण्याला ते गाळून, चिकट द्रवात गुंडाळून, न खाताच बाहेर टाकावे लागतात. यात शक्ती खर्च होते. शिवाय त्याच्या पिल्लांना चिकटायला टणक आधार हवा. अंड्यातून निघालेली पिल्ले दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग जागा शोधतात. खाली नुसता मऊ चिखल असेल, तर खोली कितीही अनुकूल असून उपयोग नाही. नवी मुंबईच्या बाजूला खाडीचा तळ बहुतेक चिखलाचा आहे. म्हणून येथे टणक आधारावर जगणारी वस्ती पुलांचे खांब, धक्के आणि खडक एवढ्यांपुरतीच दिसते, तर चिखलाचे मजले रुतून राहणाऱ्या शिंपल्यांना आणि कृमींना मिळतात.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून पुराचे पाणी वरून वाहते आणि जड खारे पाणी खाली राहते. अशा वेळी जो शिनाणा जरा खोल असतो, तो वाचतो. पण जेथे पाणी उथळ आहे, तेथे लपायला खालचा थरच नसतो. सगळेच पाणी मचूळ होते. उथळपणाची ही किंमत सहसा लक्षात येत नाही.

शेजाऱ्यांचे काय?

शिनाणे स्वतःच शेजाऱ्यांसाठी परिस्थिती घडवतात. मऊ तळावर त्यांचा पुंजका म्हणजे चिखलातले बेटच. शिंपांच्या फटींत कृमी, लहान खेकडे, झिंग्यांसारखे बारीक कवचधारी आणि माशांची पिल्ले आसरा घेतात. शिंपांच्या पाठीवर बार्नॅकल बसतात. दुसरीकडे त्यांची विष्ठा आणि टाकून दिलेला गाळ सतत तळावर पडत असतो. आणि येथे खोलीचा मुद्दा पुन्हा येतो.

पाणी पुरेसे खोल आणि वाहते असेल, तर हा केर दूरवर विखुरतो. थोडाथोडा मिळाला की तळावरच्या जिवांना ते अन्नच ठरते. तेच पाणी उथळ आणि संथ असेल, तर सारा केर एका जागी साचतो. तो कुजताना ऑक्सिजन संपतो, चिखल काळा पडतो आणि सडक्या अंड्यांचा वास येऊ लागतो. संवेदनशील जाती एकामागून एक निघून जातात. उरतात ते कॅपिटेलासारखे, थोड्या ऑक्सिजनवर भागवणारे कृमी. तेही प्रचंड संख्येने. म्हणून तळावर ‘किती’ प्राणी आहेत यापेक्षा ‘किती जातींचे’ आहेत, हे विचारायचे असते.

खोल पाण्यात उतरू शकणारा नवा शेजारी आला तर काय होते, ते उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत दिसले. जहाजांच्या भारजलातून १९८० च्या दशकात तेथे गोड्या पाण्यातले दोन परके शिंपले आले. झेब्रा हा प्रामुख्याने उथळ, टणक जागी राहिला. क्वागा हा थंड पाण्यात आणि मऊ तळावरही जगतो; तो मिशिगन सरोवरात १०० मीटरपेक्षा खाली पसरला. तो पसरला तसतसा तळावरचा डायपोरिया नावाचा बारीक कवचधारी, जो माशांचे महत्त्वाचे खाद्य होता, झपाट्याने घटला. याच कुळातला मायटिलॉप्सिस सॅलेई हा परका शिंपला मुंबईच्या गोद्यांतही नोंदला गेला आहे, तेव्हा ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही.

खाडी उथळ होते तेव्हा

आता आपल्या दाराशी येऊ. ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. मुंबई बंदराकडे रुंद आणि ठाण्याकडे अरुंद. उल्हास नदीशी तिचा संबंध अगदी चिंचोळ्या वाटेने. भराव, सांडपाणी, कचरा आणि मंदावलेला प्रवाह यांमुळे तिच्या आतल्या भागात गाळ साचत गेला आणि ती उथळ झाली, असे संशोधकांनी वारंवार नोंदवले आहे. चिखलपट्टे उंचावले तशी तिवरेही त्यांवर पुढे सरकली.

यात नुकसान कोणाचे? तीन दगडांचे गणित चिखलालाही लागू आहे. एखादा पट्टा हातभर उंचावला, की त्याच्यावरचे पाण्याचे तास कमी होतात. गाळून खाणाऱ्या तिसऱ्यांचे आणि कालवांचे जेवणाचे तास घटतात. वरून साचणारा गाळ त्यांना गाडतो. त्यांच्या जागी कृमी वाढतात. ओहोटीला चिखलात उतरून शिंपले वेचणाऱ्या कोळी आणि आगरी बायांना टोपली भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, तो असा. दुसऱ्या बाजूला, याच उघड्या चिखलावर रोहित पक्षी चरतात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग रोहित पक्षी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. म्हणजे उथळपणा सर्वांनाच वाईट नाही. तो एकाचा मजला काढून दुसऱ्याला देतो.

म्हणूनच ‘खाडी खोल करा म्हणजे सारे ठीक होईल’ हे म्हणणे अर्धवट आहे. न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी जहाजांचा मार्ग सुमारे १५ मीटरपर्यंत खोदलेला आहे. तेथे खोली भरपूर. पण सतत ढवळला जाणारा मऊ तळ शिनाण्याच्या पिल्लाला आधार देत नाही. खोदल्याने मीटर मिळतात. प्रवाह, ऑक्सिजन, स्वच्छ पाणी आणि टणक तळ त्यांच्याबरोबर आपोआप येत नाहीत.

उलट, भरतीची ये-जा अडवली तर खोली असूनही नसल्यासारखी होते. नवी मुंबई वसवताना सिडकोने शहरात धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची झडपदारे बंद होतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला बाहेर पडते. पूर टाळायची ही युक्ती चांगली. मात्र गाळ साचत गेला तसे काही तलाव उथळ झाले आणि त्यांत तिवरे उगवली. नेरूळच्या डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा अडल्या, तेव्हा २०२४ मध्ये त्या तळ्याची आणि तेथील रोहित पक्ष्यांची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. तळे जिवंत ठेवते ते त्यातले नुसते पाणी नव्हे. दिवसातून दोनदा बदलणारी त्याची पातळी.

वर्गासाठी

१. भरतीची वेळ काढा. मुंबई परिसरात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला ८ × ३/४ = ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. पंधरा दिवस वेळा काढून छापील वेळापत्रकाशी ताडून पाहा.

२. थर करून पाहा. काचेच्या पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्या. शाई घातलेले गोडे पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूच त्यावर सोडा. रंग वरच राहतो. मग ढवळा. खोल शांत पाणी आणि उथळ ढवळलेले पाणी यांतला फरक मुलांना विचारा.

३. पट्टे मोजा. धक्क्याच्या भिंतीवर किंवा पायऱ्यांवर, भरतीच्या खुणेपासून खाली दर अर्ध्या मीटरला २५ सेंटिमीटरची चौकट धरून आतल्या प्राण्यांचे प्रकार आणि संख्या लिहा. प्राणी उपटू नका. तक्त्यावर आडवे उंची आणि उभे संख्या मांडा. प्रत्येक उंचीवरचे पाण्याचे तास वरच्या पद्धतीने काढायला वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना सांगा.

सूचना महत्त्वाची: चिखलात मुलांना उतरवू नये, आणि पाणी चढू लागताच परतावे. उधाणात सहा तासांत चढणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ अर्धे, म्हणजे १.८ मीटर, मधल्या दोन तासांतच चढते. मार्ग माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर असावा. शहरी खाडीतले शिंपले चाखूनही पाहू नयेत. पाणी गाळणारा प्राणी त्यातले जंतू आणि जड धातूही साठवतो. याच गुणामुळे प्रदूषण मोजायला जगभर शिनाणे वापरले जातात. अशा मोजणीत तुलना करायचे नमुने एकाच उंचीवरून घ्यावे लागतात, कारण वरच्याने कमी तास पाणी गाळलेले असते आणि खालच्याने जास्त. ते तास किती, हे आता आपले विद्यार्थीही काढू शकतील.